उशीर झाला तर कुणाचं अडतं? प्रोजेक्ट मॅनेजरने क्षेत्र निवडताना

गेल्या उन्हाळ्यात भाची घरी आली होती. नागपूरच्या मिहान औद्योगिक परिसरातल्या आयटी कंपनीत सहा वर्षं, त्यातली शेवटची तीन प्रोजेक्ट सांभाळण्यात. म्हणाली, "मामा, मला जरा अर्थ असलेल्या क्षेत्रात जायचंय. हेल्थकेअर बघू की सोलर?"

मी विचारलं, "तुझा मागचा प्रोजेक्ट किती लांबला?"

"दीड महिना."

"मग कुणाचं काय अडलं?"

ती बराच वेळ पन्ह्याच्या ग्लासाकडे बघत राहिली. "पडद्यावरचा प्रोजेक्टचा डॅशबोर्ड लाल झाला," म्हणाली. "आणि वरच्या साहेबांचा एक एस्कलेशन कॉल. बस."

त्या दुपारी तिला जे सांगितलं तेच इथे जरा नीट लावून लिहितो आहे. मी स्वतः वीस वर्षांत तीन क्षेत्रं पाहिली. आधी पाण्याच्या टाक्या आणि पाइपलाइन, मधली चार वर्षं सॉफ्टवेअर आणि आता इस्पितळाच्या इमारती. लोक क्षेत्र निवडतात ते नावावरून. आरोग्य म्हणजे पुण्य, कोळसा म्हणजे पाप, बँकिंग म्हणजे नुसता पैसा. नावावरून काही कळत नाही. आपल्या कामाचं मूळ चलन वेळ आहे, म्हणून क्षेत्राची पारखही वेळेवरच करावी. तारीख हुकली की कुणाचं, किती आणि कधीपर्यंत अडतं? आणि त्या माणसाची आपल्याला खरोखर पर्वा आहे का?

विदर्भात हे समजावून सांगायला लांब जावं लागत नाही. वैनगंगेवरच्या गोसीखुर्दला १९८३ साली मंजुरी मिळाली तेव्हा अंदाजित खर्च ३७२ कोटी रुपये होता. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं, २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला आणि खर्च कित्येक हजार कोटींवर गेला. सुमारे अडीच लाख हेक्टर भिजवायचं ठरलं होतं. भूमिपूजनाला बापाच्या खांद्यावर बसून आलेल्या पोराची पोरं आता कॉलेजात असतील. उशीर या शब्दाचा खरा आकार असा असतो.

आधी उशिराची वही

क्षेत्रांची यादी करण्याआधी दोनशे पानी वही घ्या. आजवर केलेल्या प्रत्येक प्रोजेक्टला एक पान. त्यावर चारच गोष्टी लिहायच्या. किती उशीर झाला, कशामुळे झाला, त्यानं कुणाचं अडलं आणि त्या वेळी तुम्हाला झोप लागत होती का. चौथी गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. उशीर होऊनही शांत झोप लागत असेल, तर ते काम तुमच्या जिव्हाळ्याचं नव्हतं. आणि उशीर नसतानाही झोप उडाली असेल, तर ते काम तुमच्या प्रकृतीचं नव्हतं.

माझ्या वहीतलं एक पान सांगतो. एका इस्पितळाच्या नव्या विंगचं काम माझ्याकडे होतं. शेड्यूल हिरवंगार. हँडओव्हरच्या आदल्या दिवशी वॉर्डच्या सिस्टर आल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि काही न बोलता एक पलंग ओढून भिंतीला लावला. पलंगाची डोक्याकडची लोखंडी जाळी बरोबर सक्शनच्या आउटलेटवर आली. म्हणाल्या, "सर, रात्री दोन वाजता पेशंटच्या घशात कफ अडकला तर मी पलंग ओढू की नळी लावू?" आउटलेट ड्रॉइंगप्रमाणेच बसवलं होतं. ड्रॉइंगमध्ये पलंग नव्हता. बावीस पलंगांमागची पॅनल सरकवायला एकोणीस दिवस गेले, माझं बोनसही गेलं. पण त्या एकोणीस दिवसांत मी इस्पितळाच्या कामातून बाहेर पडायचा विचार सोडून दिला.

तुमच्या वहीत असं एखादं पान आहे का ते बघा. नसेल तर घाबरू नका, पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

मग गावाकडे प्रोजेक्ट मॅनेजरच्या डोळ्यांनी बघा

नोकरीच्या साइटवर बसण्यापेक्षा एक रविवार गाडी काढा. नागपूरसारख्या शहरात एका दिवसात निम्मी क्षेत्रं दिसतात.

वर्धा रोडने निघालात की डोक्यावर डबल डेकर पूल आहे. खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल, त्याच्या वर मेट्रो, ३.१४ किलोमीटर. मेट्रोचा पहिला टप्पा सुमारे चाळीस किलोमीटरचा, ११ डिसेंबर २०२२ला तो पूर्ण झाल्याचं जाहीर झालं, आणि त्याच दिवशी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा तुकडा खुला झाला. पूर्ण ७०१ किलोमीटर मात्र जून २०२५ मध्ये. अशा कामांत खांब उभे करणं सोपं. अवघड असतं ते जमीन ताब्यात घेणं आणि जमिनीखालच्या पाण्याच्या, गटाराच्या, विजेच्या, टेलिफोनच्या लाइनी सरकवणं. दहा खात्यांच्या परवानग्या, प्रत्येक खात्याचा वेगळा साहेब. ज्याला माणसांच्या मागे लागायचा कंटाळा नाही त्यानंच इथे जावं. आणि काम संपलं की पुढचं काम भोपाळला असेल की पाटण्याला, याची तयारी ठेवावी.

पाणी हे माझं पहिलं प्रेम, तेव्हा थोडा पक्षपात करतो. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये घराघरांत पाणी शिरलं, हे नागपूरकराला सांगायला नको. पावसाळी नाले, नदीची भिंत, पूल मोठा करणं, या कामांची तारीख कागदावर मार्च असो की एप्रिल, खरी तारीख एकच असते, मृगाचा पाऊस. ती कुणाला मुदतवाढ देत नाही. गावाकडच्या नळयोजनेचं तसंच. २०१९ला सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर हे माप आहे. टाकी उभी राहते, रंग लागतो, फोटो निघतो. पण विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहील का, पंपाला वीजजोडणी कधी मिळेल, टोकाच्या मोहल्ल्यात नळाला दाब येईल का, यात खरा प्रोजेक्ट असतो. शेवटच्या नळाखाली बादली ठेवून ती भरायला किती वेळ लागतो हे घड्याळावर मोजणारा प्रोजेक्ट मॅनेजर मी फार थोड्या ठिकाणी पाहिला. हे काम पगारात मार खातं, अर्थाच्या बाबतीत कधीच नाही.

उत्तरेला कोराडी, खापरखेडा ही वीजकेंद्रं. पूर्वेला मौद्याचं एनटीपीसी, २३२० मेगावॉटचं. शहरात वेस्टर्न कोलफिल्ड्सचं आणि मॅंगनीजवाल्या मॉईलचं मुख्यालय. कोळसा म्हटलं की तरुण पोरं नाक मुरडतात. मुरडा, पण एकदा तिथल्या शटडाऊनची गोष्ट ऐकून मुरडा. युनिट बंद करून ओव्हरहॉल करायचा, टर्बाइन उघडायचं, बॉयलरच्या नळ्या बदलायच्या आणि ठरल्या तासाला परत सुरू करायचं. दिवस नाही, तास मोजतात. कोणतं काम लांबलं तर सगळा प्रोजेक्ट लांबतो हे काढायची, आपण पुस्तकात शिकतो ती क्रिटिकल पाथ पद्धत १९५०च्या दशकाच्या शेवटी ड्युपाँ या रसायन कंपनीत जन्मली, तीही कारखान्याच्या बांधकामाचे आणि अशाच शटडाऊनचे हिशेब घालताना. शेड्यूलिंग शिकायचं असेल तर याहून कडक शाळा नाही. खाणीत मात्र शेड्यूलच्या आधी पुनर्वसन येतं. एखादं गाव उठवायचं तर ती वेळापत्रकाच्या तक्त्यातली, गॅंट चार्टमधली, एक ओळ राहत नाही. ते ज्याच्या मनाला पटणार नाही त्यानं पगार बघून जाऊ नये.

मिहानमध्ये एकाच कुंपणाच्या आसपास आयटी, विमानदुरुस्ती, विमानांचे सुटे भाग आणि एम्स आहे. विमानाच्या कामात कागद हेच काम. बोल्ट कुणी, कधी, कोणत्या पान्यानं आवळला याची नोंद नसेल तर बोल्ट आवळलेलाच नाही. घाईगर्दीत मजा येणाऱ्यांनी तिकडे फिरकू नये. बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांवर इथे फार लिहीत नाही. तिथे नवी लाइन टाकणं हा प्रोजेक्ट असतो, बाकी सगळं प्रॉडक्शन, आणि प्रोजेक्टच्या नावाखाली घेतलेल्या माणसाला सहा महिन्यांत प्रॉडक्शन बघायला लावतात.

शेतमालाचं क्षेत्र लोकांच्या यादीतच नसतं, याचं मला नवल वाटतं. शहरात संत्र्याची आणि कापसाची केंद्रीय संशोधन संस्था आहे, आसपास काटोल-नरखेड-वरुडचा संत्रापट्टा आहे. संत्र्याचा आंबिया बहार साधारण ऑक्टोबरपासून तोडणीला येतो. ग्रेडिंगचं मशीन किंवा शीतगृह नोव्हेंबरऐवजी जानेवारीत सुरू झालं, तर कागदावर उशीर दोन महिन्यांचा आणि बागाईतदाराच्या खिशात एका अख्ख्या हंगामाचा. उशिराचा इतका स्पष्ट हिशेब दुसरीकडे क्वचित मिळेल.

घरबांधणीला लोक बिल्डरची नोकरी म्हणून हिणवतात. पण २०१७ पासून महारेरा हे बिल्डरांवर लक्ष ठेवणारं प्राधिकरण आल्यावर ताब्याची तारीख जाहीर करावी लागते, ग्राहकांच्या पैशातला ७० टक्के वाटा त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो. बेसा-मनीषनगरकडे भाडं आणि हप्ता दोन्ही भरणारं जोडपं डोळ्यांसमोर असेल तर ही नोकरीही पुरेशी अर्थपूर्ण आहे. मालक कसा आहे त्यावर मात्र सगळं अवलंबून.

सामाजिक संस्थांबद्दल एक सावधगिरीचा शब्द. वरोऱ्याचं आनंदवन, गडचिरोलीची सर्च, हेमलकसा ही नावं ऐकून पोरं भारावतात. जावं, जरूर जावं. पण तिथला बराच पैसा अनुदानातून आणि कंपन्यांच्या सीएसआरमधून येतो. कायद्यानं ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्चावी लागते, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये "खर्च दाखवा" असा तगादा सुरू होतो. उशिराच्या उलट रोग आहे हा, घाईचा. वस्तीचा वेग आणि ३१ मार्च यांच्यामध्ये उभं राहण्याची ताकद असेल तरच हे काम झेपतं.

आणि आयटी? भाचीला सांगितलं तेच सांगतो. आयटी हे क्षेत्र नव्हे, हत्यार आहे. तेच सॉफ्टवेअर सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीतली रांग तासाभरानं कमी करू शकतं किंवा जाहिरातीचं बटण निळ्याचं हिरवं करू शकतं. नोकरी सोडण्याआधी कंपनीतच दुसऱ्या अकाउंटवर, म्हणजे दुसऱ्या ग्राहकाच्या कामावर, जाता येतं का ते विचारा. निम्म्यांचं दुखणं तिथेच बरं होतं.

टेबलाच्या कोणत्या बाजूला बसणार?

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग क्षेत्राला दोष देतात. एकाच पुलाच्या कामावर किमान तीन प्रोजेक्ट मॅनेजर असतात. मालकाचा, कंत्राटदाराचा आणि मध्ये बसलेल्या सल्लागार कंपनीचा, ज्याला साइटवर पीएमसी म्हणतात. तिघांचं काम एकच, दिवस वेगवेगळे.

कंत्राटदाराचा माणूस सकाळी सहाला लेबर किती आलं ते बघतो. होळीला गावी गेलेले छत्तीसगडचे मजूर परतले का, सळईचा ट्रक कुठे अडकला, मागचं आरए बिल, म्हणजे झालेल्या कामाच्या हप्त्याचं बिल, कधी पास होणार. दिवसाअखेर काँक्रीट किती घनमीटर पडलं हे त्याला दिसतं. मालकाचा माणूस मीटिंगा, मंजुऱ्या आणि बजेट यांत असतो. त्याच्या हातात ताकद जास्त, पण वर्ष संपलं तरी बोट ठेवून दाखवायला काही नसतं. पीएमसीचा माणूस मापं तपासतो, पत्रं लिहितो, दोघांच्या शिव्या खातो. पण शिकायला ही जागा उत्तम. मुदतवाढीचे दावे, अडथळे नोंदायचं हिंड्रन्स रजिस्टर, दंडाची कलमं, सगळं हाताखालून जातं.

माझं मत विचाराल तर पहिली पाच वर्षं कंत्राटदाराकडे काढा. घाम निघतो, पण नंतर कुणी गंडवू शकत नाही. लोकांच्या उपयोगाचं करायचं असेल तर पुढे मालकाच्या बाजूला या, कारण पलंग कुठे ठेवायचा हे सिस्टरला कधी विचारायचं, ते तिथे ठरतं.

ऋतू, घर आणि अंगातली रग

नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला भिडतो. हवा चाळीस अंशांवर गेली की काँक्रीटचे नियम बदलतात. रात्री ओततात, पाण्यात बर्फ टाकतात, गोणपाटं भिजवत राहतात. म्हणजे साइटवर राहायचं तर उन्हाळाभर रात्रपाळी. घरी लहान मूल असेल, आईवडील थकले असतील, तर हा हिशेब नवराबायकोनं मिळून आधी घालावा. आयटीत अमेरिकेच्या वेळेमुळे रात्री जातात, साइटवर स्लॅबमुळे जातात. रात्र जाणारच, ती कशासाठी गेलेली चालेल एवढंच ठरवायचं असतं.

प्रोजेक्टची लांबीही बघा. सॉफ्टवेअरमध्ये दोन आठवड्यांच्या स्प्रिंटनंतर, म्हणजे कामाच्या एका छोट्या टप्प्यानंतर, काहीतरी हातात येतं. मेट्रोत स्टेशन उघडेपर्यंत पाच वर्षं. ज्याला दर पंधरा दिवसांनी पाठीवर थाप लागते तो पाच वर्षांच्या कामात सुकून जातो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आता माणसं भेटा, पण योग्य माणसं

यादी दोन-तीन क्षेत्रांवर आली की प्रत्येकातली तीन माणसं गाठा. साहेब लोक नकोत, ते मुलाखत देतात. दहा वर्षं झालेला साइट इंजिनिअर, प्लॅनिंगवाला आणि ज्याला काम हातात मिळतं तो, म्हणजे सिस्टर, पंप ऑपरेटर, बागाईतदार, सोसायटीचा सेक्रेटरी. टपरीवर चहा पाजा, रविवारी तर्री पोहे खाऊ घाला, पण "तुमचं क्षेत्र कसं आहे" असं विचारू नका. त्यावर सगळे "चाललंय बढिया" म्हणतात. असं विचारा:

– मागच्या कामाला उशीर झाला तेव्हा पहिला फोन कुणाचा आला?
– काम हातात आल्यावर पहिल्या महिन्यात काय बिघडलं?
– तुमच्या मुलाला या लाइनीत टाकाल का?

तिसऱ्या प्रश्नाला माणूस एक क्षण थांबतो. तो थांबणं नीट बघा. एका पाणीपुरवठ्याच्या कंत्राटदाराला मी हे विचारलं होतं. म्हणाला, "टाकीन ना भाऊ, पण बिल काढाले मी जाईन." त्या एका वाक्यात क्षेत्राची चांगली आणि वाईट बाजू दोन्ही आल्या.

हात लावून बघा

राजीनामा शेवटी. आधी तीन महिने शनिवार-रविवार कुठेतरी फुकट काम करा. गल्लीतल्या सोसायटीचं सोलर बसवणं हाती घ्या. तीन कोटेशनं मागवा, वीज कंपनीच्या नेट मीटरिंगच्या, म्हणजे जादा वीज बिलात वळती करून घेण्याच्या, अर्जामागे लागा, गच्चीवर पाण्याच्या टाकीची सावली कुठे पडते ते सकाळ-दुपार बघा. पंधरा पानी सर्टिफिकेट कोर्सपेक्षा हे जास्त शिकवेल. आरोग्याकडे ओढा असेल तर एखाद्या धर्मादाय दवाखान्याला नेत्रशिबिराचं नियोजन करून द्या. चष्म्याच्या काचा वेळेत न आल्यानं परत गेलेली म्हातारी तुमच्या डोक्यात राहते का, हे त्यातून कळेल.

पैसे आणि कागदपत्रं

क्षेत्र बदलताना पगार बहुधा एक पायरी खाली येतो, कारण त्यांना तुमची पद्धत हवी असते आणि त्यांचा विषय तुम्हाला येत नसतो. सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते बाजूला ठेवल्याशिवाय हलू नका. साइटची नोकरी असेल तर राहणं, गाडी, जेवण यांचा भत्ता लेखी घ्या.

पीएमपीचं विचारतात सगळेच. प्रोजेक्ट मॅनेजर लोकांची अमेरिकेतली पीएमआय ही संस्था १९६९ची, तिचं हे प्रमाणपत्र. चार वर्षांची पदवी असेल तर प्रोजेक्टचं नेतृत्व केल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं, डिप्लोमावाल्यांना ६० महिने. आयटी आणि परदेशी कंपन्यांत त्याचं वजन आहे. रस्ते-पाण्याच्या कंत्राटदाराकडे प्रिमाव्हेरा हे शेड्यूलिंगचं सॉफ्टवेअर येतं का हे आधी विचारतात. ज्या क्षेत्रात जायचं तिथल्या दहा जाहिराती वाचा आणि मगच फी भरा.

बायोडेटात जुन्या क्षेत्राची भाषा काढून टाका. भाचीच्या कागदावर "बारा स्प्रिंट यशस्वीपणे पूर्ण" होतं. आम्ही तिथे लिहिलं, "तीन शहरांतल्या चाळीस जणांकडून सहा महिने दर पंधरा दिवसांनी ठरलेलं काम ठरल्या दिवशी काढून घेतलं. दोनदा चुकलं, दोन्हीची कारणं सांगू शकते." शेवटच्या वाक्यावर ती अडली होती. ठेवायला लावलं.

मुलाखतीत तुम्हीही विचारा

पगाराचं बोलणं होण्याआधी दोन गोष्टी विचारा. मागच्या प्रोजेक्टची मूळ तारीख आणि प्रत्यक्ष तारीख काय होती? जे कंपनीवाले हे आकडे न चाचरता सांगतात तिथे काम शिकायला मिळतं. दुसरं, ज्यांच्यासाठी काम चाललंय त्यांना मी पहिल्या महिन्यात भेटू शकेन का? "त्याची गरज नाही, क्लायंटशी आम्ही बोलतो" असं उत्तर आलं तर क्षेत्र कितीही थोर असो, तुमच्या वाट्याला डॅशबोर्डच येणार.

भाचीला दुसऱ्या प्रश्नावर एका ठिकाणी "हो, सोमवारीच चला" असं उत्तर मिळालं. तालुक्याच्या इस्पितळांत रक्तसाठ्याच्या नोंदीचं सॉफ्टवेअर बसवायचं काम आहे. पगार थोडा कमी, गाडीत बसणं जास्त. मागच्या आठवड्यात तिचा रात्री साडेदहाला फोन आला, उमरेडहून परत येत होती. "मामा, चार दिवस उशीर झालाय," म्हणाली, "आणि तिथल्या टेक्निशियनला अजून वहीतच लिहावं लागतंय." कुठे अडलंय ते विचारलं, तर बारकोडचा प्रिंटर. तिला ते तिच्या उशिराच्या वहीत लिहून घ्यायला सांगितलं.